द्रव्यार्थी वरांचा हवापालट

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावरून बोलावयाचे, तर विषय भारदस्त असावा असा एक अलिखित संकेत आहे. तो पाळूनच मी प्रथम 'बृहन्महाराष्ट्रातील वाङ्मयीन परंपरा' असा विषय कळविला होता. तो छापूनही झाला असता. पण गेल्या महिन्यात आपल्या ग्रंथपालांनी माझ्या हाती एक यादी दिली. कित्येक वर्षांत एकाही सभासदाने घरी न नेलेल्या, आणि म्हणून संग्रहातून बाद करावयाच्या पुस्तकांची ती यादी होती. जागा अपुरी आहे, कपाटांच्या फळ्या वाकल्या आहेत, हे मला मान्य आहे. परंतु त्या यादीची पहिली तीन पाने एकाच कपाटाची निघाली. ते कपाट म्हणजे फार्स, प्रहसने आणि विनोदी नाटके यांचे. 'गंभीर ग्रंथांना आम्ही हात लावलेला नाही' असे आश्वासनही ग्रंथपालांनी अत्यंत सद्भावनेने दिले. मी घरी आलो आणि विषय बदलला.

आज मी आपल्याशी बोलणार आहे ते हवापालटाच्या ठिकाणी श्रीमंत बायको शोधावयास निघालेल्या तरुणांविषयी. इंग्रजी विनोदी नाटकांत आणि कादंबऱ्यांत या प्राण्याची एक स्वतंत्र जात आहे. तिला मी सोयीसाठी 'द्रव्यार्थी वर' म्हणतो. हा तरुण बहुधा चांगल्या घरचा, बहुधा धाकटा मुलगा, देखणा, बोलका आणि कफल्लक असतो. इंग्लंडात वडिलोपार्जित जमीन आणि किताब थोरल्या मुलाकडे जात. धाकट्याने सैन्यात जावे, धर्मोपदेशक व्हावे, वकिली करावी, किंवा, यांपैकी काहीच करण्याचा कंटाळा असेल तर, श्रीमंत मुलगी गाठावी. आता श्रीमंत मुलगी तिच्या गावी, तिच्या चुलत्या-मामांच्या पहाऱ्यात असताना गाठणे कठीण. ती हवापालटाला आली म्हणजे पहारा सैल होतो, ओळखी लवकर होतात, आणि मुख्य म्हणजे तेथे तुमचे सावकार तुम्हांला ओळखीत नाहीत. म्हणून या शिकारीची रानेही ठरलेली. त्यांत पहिला मान बाथ या गावाचा.

बाथ हे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील उष्ण झऱ्यांचे गाव. रोमन लोकांनी तेथे स्नानगृहे बांधली होती. अठराव्या शतकात संधिवाताचे रोगी तेथे पाणी प्यावयास जात आणि निरोगी माणसे रोग्यांच्या मुली पाहावयास जात. सकाळी पंप रूममध्ये बेचव गरम पाण्याचे पेले, दुपारी फेरफटका, संध्याकाळी नाच आणि पत्ते असा दिनक्रम. या सर्वांवर रिचर्ड नॅश नावाच्या एका गृहस्थाचे अर्धशतकाहून अधिक काळ राज्य होते. तो स्वतः जुगारी होता, छानछोकीमुळे लोक त्याला 'बो नॅश' म्हणत, पण समारंभप्रमुख म्हणून त्याची शिस्त कडक होती. ऑलिव्हर गोल्डस्मिथने १७६२ साली त्याचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात नॅश हा भोळ्या श्रीमंत मुलींच्या आईबापांना लफंग्या तरुणांबद्दल सावध करीत असे, असे सांगितले आहे. जुगाऱ्याने लफंग्यांवर पहारा ठेवावा हेही एक प्रहसनच होय. तो १७६१ साली वारला, तेव्हा त्याची परिस्थिती इतकी हलाखीची होती की नगरपालिकेने दिलेल्या मासिक मदतीवर त्याची गुजराण चाले.

या जातीच्या नाटकांत मला सर्वांत आवडते नाटक मात्र बाथमध्ये घडत नाही. ते लिचफील्ड या लहान गावी घडते. जॉर्ज फार्कर या आयरिश नाटककाराचे 'द बोज स्ट्रॅटॅजेम' हे नाटक ८ मार्च १७०७ रोजी लंडनमध्ये रंगभूमीवर आले. त्याचे कथानक थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढे ते आपल्याला लागणार आहे.

एमवेल आणि आर्चर हे दोन मित्र. दोघांनी दहा हजार पौंड उडविले आहेत आणि शिल्लक राहिले आहेत दोनशे. मित्रमंडळींना संशय येण्यापूर्वीच ते लंडनहून नाहीसे झाले आहेत, आणि युद्धावर जाण्याचे निमित्त मागे ठेवून आले आहेत. त्यांची योजना अशी की गावोगाव हिंडावे, प्रत्येक गावी एकाने मालक व्हावे आणि दुसऱ्याने नोकर, म्हणजे मालकाचा दिमाख दिसेल. पुढच्या गावी भूमिका बदलाव्यात. श्रीमंत मुलगी मिळाली तर लाभ निम्मा-निम्मा. लिचफील्डला जमले नाही तर नॉटिंगहॅम, मग लिंकन, मग नॉर्विच, आणि तेथेही नाही जमले तर खरोखरीच युद्धावर जावयाचे. एखाद्या फिरत्या विक्रेत्याने आपला दौरा आखावा तसा हा दौरा आहे. लिचफील्डला मालकाची पाळी एमवेलची असते आणि आर्चरच्या अंगावर नोकराचा गणवेश येतो.

येथून घोटाळे सुरू होतात. श्रीमंती दाखविण्यासाठी ते दोनशे पौंडांची पेटी सराईच्या मालकाकडे ठेवावयास देतात आणि घोडे रात्रंदिवस खोगीर घालून तयार ठेवावयास सांगतात. या सराईवाल्याचे, बॉनिफेसचे, वाटमाऱ्यांशी जुने लागेबांधे आहेत. रोख पैसा जवळ, गावात येण्याचे कारण सांगत नाहीत, आणि घोडे पळण्याच्या तयारीत! हे नव्या टोळीचे दरोडेखोर असावेत अशी त्याची खात्री होते. श्रीमंत दिसण्याचा जिवापाड प्रयत्न करावा आणि लोकांनी दरोडेखोर समजावे, यात फार्करने समाजाविषयी बरेच काही सांगून टाकले आहे. पुढे एमवेल चर्चमध्ये डोरिंडा या वारसदार कन्येला पाहतो आणि तिच्या घरात प्रवेश मिळविण्यासाठी दारातच मूर्च्छा आल्याचे सोंग करतो. डोरिंडाची आई गावातील गोरगरिबांना फुकट औषधे देणारी परोपकारी बाई. ती आनंदाने त्याच्यावर उपचार करू लागते. एमवेलने आपल्या थोरल्या भावाचा किताबही तात्पुरता उसना घेतलेला आहे.

सर्व काही जमून येते, भटजी उभा राहतो, आणि नेमक्या त्या क्षणी एमवेलला त्या मुलीवर खरेच प्रेम जडल्याचे लक्षात येते. तो सगळे कबूल करून टाकतो. आपण लॉर्ड नाही, कफल्लक आहोत, हे सोंग होते, असे तो सांगतो. आर्चर कपाळाला हात लावतो. धंद्यातील भागीदाराने भर बाजारात वजनकाटा खोटा असल्याचे जाहीर करावे, तशी त्याची अवस्था होते. पुढे थोरला भाऊ वारल्याची बातमी येऊन एमवेल खराच लॉर्ड होतो आणि नाटक सुखान्त होते. तो शेवट नाटककाराच्या सोयीचा आहे. मला महत्त्वाची वाटते ती कबुली.

या नाटकात आणखी एक पात्र आहे. डोरिंडाची भावजय, मिसेस सलन. दारूडा, अबोल, बायकोचा तिटकारा करणारा नवरा तिच्या नशिबी आला आहे. तिचा पैसा त्याच्या ताब्यात गेला आहे. नाटकाच्या शेवटी ती दोघे परस्परसंमतीने वेगळी होतात. प्रेक्षक टाळ्या वाजवीत, पण बाहेरच्या जगात त्या काळी असा मार्ग कायद्यात नव्हता. हसत हसत फार्करने द्रव्यार्थी विवाहानंतरची दहा वर्षे शेजारीच उभी करून ठेवली आहेत, ज्याला पाहावयाची असतील त्याने पाहावीत.

कायद्याची गोष्ट निघालीच आहे तर ती संपवितो. हा द्रव्यार्थी वर निर्माण केला तो इंग्लंडच्या कायद्याने. लग्न होताच बायकोचे रोख धन, दागिने, चीजवस्तू ही नवऱ्याची होत. जमिनीचे उत्पन्नही त्याच्या हाती येई. सावध बाप विश्वस्त नेमून काही रक्कम वेगळी काढीत, पण त्यालाही पैसा आणि वकील लागे. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी ही स्थिती बदलली. १७५३ सालच्या विवाह-कायद्याने एकवीस वर्षांखालील मुलामुलींच्या लग्नाला पालकांची संमती आवश्यक केली, तेव्हा द्रव्यार्थी वर मुलीला घोडागाडीत घालून स्कॉटलंडच्या हद्दीतील ग्रेटना ग्रीनला पळवू लागले, कारण तो कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता. उलट आपल्याकडे याज्ञवल्क्याने स्त्रीधनाला नवऱ्याने केवळ दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास अशा प्रसंगीच हात लावावा, असे सांगून ठेवले. त्या स्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिणारा विज्ञानेश्वर तर आपल्या शेजारच्या कल्याणीचा, आणि त्याने स्त्रीधनाची व्याख्या आणखी व्यापक केली. कागदावर आमची बाजू भक्कम होती.

मग आमच्या साहित्यात हा हवापालटी तरुण फारसा का आढळत नाही? आमचे तरुण निर्लोभी होते म्हणून? छे. आमच्याकडे त्याला घराबाहेर पडण्याचे कारणच नव्हते. तो बी.ए. झाला की ओसरीवर बसलेले त्याचे तीर्थरूप सुपारी कातरता कातरता सगळी मोहीम पार पाडीत. सोंग नको, मूर्च्छा नको, दोनशे पौंडांची पेटी नको. शिवाय लाभ निम्मा वाटून घेणारा मित्रही नको. हुंड्याची रक्कम याद्यांवर लिहिली जाई आणि नवरदेव मांडवात मान खाली घालून उभा राही, जणू हा व्यवहार दुसऱ्याच कोणाचा आहे. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तेव्हापासून याद्यांवर रक्कम लिहीत नाहीत, इतकाच काय तो फरक अनेक घरांत पडला. इंग्रज तरुणाला निदान लाच देण्यापूर्वी गोड बोलावे लागे, आणि बोलता बोलता कधी एमवेलसारखा तो खऱ्या प्रेमात सापडे. आमच्या पद्धतीत हा धोकाच नव्हता.

याची उलट बाजूही आमच्याच रंगभूमीने दाखविली आहे. गोविंद बल्लाळ देवलांच्या 'शारदे'त (१८९९) म्हातारा भुजंगनाथ पैशाच्या जोरावर कोवळी वधू विकत घेऊ पाहतो. योगायोग असा की असेच एक नाटक बाथने इंग्रजी रंगभूमीला दिले होते. बाथची सुस्वर गायिका एलिझाबेथ लिन्ली हिचे लग्न तिच्या आईबापांनी वॉल्टर लाँग नावाच्या एका श्रीमंत वृद्धाशी ठरविले. ते मोडले, त्याचा गावभर बोभाटा झाला, आणि सॅम्युअल फूट याने १७७१ साली त्यावर 'द मेड ऑफ बाथ' हे विनोदी नाटक रचले. देवलांनी ते पाहिले-वाचले होते असे मला म्हणावयाचे नाही. जेथे पैसा आणि लग्न एकत्र नांदतात, तेथे ही कथा आपोआप उगवते. मात्र इंग्रजी प्रहसनांशी देवलांचा संबंध होता हे नक्की. त्यांचे 'संशयकल्लोळ' आर्थर मर्फीच्या 'ऑल इन द राँग' (१७६१) या नाटकावर आधारलेले आहे आणि मर्फीच्या मागे मोलियर उभा आहे. 'संशयकल्लोळ' हे नाव आपण लक्षात ठेवावे. त्याचे एक वेगळेच प्रकरण शेवटी येणार आहे.

तर ही एलिझाबेथ लिन्ली. मार्च १७७२ मध्ये ती एका तरुणाबरोबर फ्रान्सला पळून गेली. तो तरुण म्हणजे रिचर्ड ब्रिन्स्ली शेरिडन. तिला छळणाऱ्या एका विवाहित कॅप्टनशी त्याने दोन द्वंद्वयुद्धे केली, दुसऱ्यात तो जबर जखमी झाला. पुढच्या वर्षी त्यांचे रीतसर लग्न झाले. आता पाहा, शेरिडन निष्कांचन होता आणि बायकोच्या गळ्यात खजिना होता. तिने गावे, याने घरी बसावे, असे म्हणणारे शेकड्यांनी मिळाले असते. शेरिडनने लग्नानंतर तिचे जाहीर गाणे बंद केले. त्या काळी या निर्णयाची वाहवा झाली. तिचे मत कोणी विचारले होते का, हे मात्र मला आजही विचारावेसे वाटते. असो. संसार चालविण्यासाठी याने नाटक लिहावयास घेतले. ते नाटक म्हणजे 'द रायव्हल्स'.

या नाटकाचे ऋण प्रत्येक वाचनालयाने मानावे असे आहे. कारण त्याच्या आरंभीच नायिकेची दासी बाथमधील सर्व वर्गणीची वाचनालये धुंडाळून, हवी ती कादंबरी न मिळाल्याची तक्रार घेऊन परत येते. सभासदांची ही तक्रार अडीचशे वर्षांची आहे, हे ग्रंथपालांनी ध्यानी घ्यावे. आणि थोड्याच वेळाने सर अँथनी हे तापट गृहस्थ, गावातील वाचनालय म्हणजे सैतानी ज्ञानाचा सदाबहार वृक्षच, असा अभिप्राय देतात. मुलींना वाचावयास शिकविले की हेच होणार, असा त्यांचा सिद्धान्त! नायिका लिडिया ही वारसदार कन्या. तिच्या श्रीमंतीच्या ज्या थापा नोकरवर्ग मारतो, त्यांत तिचा पोपट मोत्यांवर पोसला जातो, आणि शिवणाचा दोरा गुंडाळण्यासाठी ती बँकेच्या नोटा वापरते. पण कादंबऱ्या वाचून वाचून हिला गरीब नवराच हवा झाला आहे. मावशीच्या संमतीवाचून लग्न केले तर संपत्तीचा मोठा भाग जाईल, म्हणून तिला नेमके तसेच लग्न करावयाचे आहे! त्यामुळे खराखुरा श्रीमंत कॅप्टन जॅक अँब्सोल्यूट गरीब शिपाईगड्याचे सोंग घेऊन तिच्यामागे लागतो. नेहमीचे कफल्लक श्रीमंतीचे सोंग घेतात, येथे श्रीमंत गरिबीचे घेतो. शेरिडनने जुनी बंडी उलटी करून घातली आणि ती नवी दिसू लागली.

खरा द्रव्यार्थी वर या नाटकात सर ल्यूशियस ओट्रिगर हा आयरिश सरदार आहे. वाडा गेला, जमीन गेली, राहिली ती फक्त भांडण्याची खुमखुमी. तो लिडियाला प्रेमपत्रे लिहितो असे समजतो. मधली दासी दोन्हीकडून बक्षिसी खाऊन ती पत्रे लिडियाच्या वयस्क मावशीला पोहोचविते. ही मावशी म्हणजे मिसेस मॅलाप्रॉप, जिच्या चुकीच्या शब्दयोजनेमुळे इंग्रजी भाषेला एक नवे नामच मिळाले. अखेर द्वंद्वाच्या मैदानात सत्य बाहेर येते आणि सर ल्यूशियसच्या पदरात ती मावशी पडू पाहते. तो शूर योद्धा मागे सरतो.

१७ जानेवारी १७७५ रोजी पहिला प्रयोग सपशेल पडला. नाटक लांबले होते, नटांना संवाद पाठ नव्हते, आणि सर ल्यूशियसच्या पात्रामुळे आयरिश माणसाचा अपमान झाला असा गिल्ला उठला. त्या नटाला प्रेक्षकांतून सफरचंद बसले. गंमत अशी की नाटककार स्वतः डब्लिनचा. तेवीस वर्षांच्या शेरिडनने नाटक मागे घेतले, काटछाट केली, नट बदलला, आणि २८ जानेवारीला तेच नाटक उचलून धरले गेले. अकरा दिवस! आमच्या प्राध्यापकांना अकरा दिवसांत एक अभिप्राय लिहून होत नाही.

जेन ऑस्टिनविषयी थोडक्यातच सांगतो, कारण तिचे वाचक या सभागृहात माझ्यापेक्षा जाणते आहेत. ती १८०१ ते १८०६ या काळात बाथमध्ये राहिली आणि तिला ते गाव फारसे मानवले नाही. तिच्या 'नॉर्दँगर ॲबी'त बाथला आलेल्या साध्या कॅथरीनला जॉन थॉर्प हा बढाईखोर तरुण श्रीमंत वारस समजतो, आणि तसे जनरल टिल्नींना सांगतो. मग जनरलसाहेब आपल्या मुलासाठी तिला घरी पाहुणी म्हणून नेतात, आर्जवे करतात, आणि खरी स्थिती कळताच तिला एकटीला भाड्याच्या घोडागाडीने सत्तर मैल परत पाठवितात. सगळ्या इंग्रजी वाङ्मयात आमच्या वरपित्याच्या इतका जवळचा नातलग मला दुसरा भेटलेला नाही. मुलगा बिचारा भला आहे. हाव आहे ती बापाची.

या परंपरेचे एक रोप आपल्या हिंदी पडद्यावरही रुजले. १९९४ सालच्या 'अंदाज अपना अपना'त एक न्हाव्याचा मुलगा आणि एक शिंप्याचा मुलगा लंडनहून उटीला आलेल्या श्रीमंत कन्येच्या मागे लागतात, आणि ती कन्या व तिची चिटणीस यांनी आपापसांत नावे बदलून घेतलेली असतात. एमवेल आणि आर्चर यांना उटीच्या बसमध्ये बसविले की बरोबर हेच होईल.

आणि बायकांनी काय केले? हिंदुस्थानात नोकरीवर असलेल्या गोऱ्या साहेबांना वरण्यासाठी विलायतेहून येणाऱ्या तरुणींच्या तांड्याला इंग्रज लोक 'मासेमारीचा ताफा' म्हणत. ज्या तशाच परत जात, त्यांच्याविषयी जो शब्द रूढ होता तो रिकाम्या बाटल्यांना शोभणारा आहे. पुरुषाची फसगत झाली की प्रहसन होते आणि बाईची झाली की टवाळी, एवढा फरक नोंदवून मी पुढे जातो.

मला खरे बोलावयाचे आहे ते दोघांचीही फसगत झाली तर काय होते, याविषयी. डिकन्सच्या 'अवर म्युच्युअल फ्रेंड' (१८६४-६५) मध्ये लॅमल नावाचे एक जोडपे आहे. त्याने तिला श्रीमंत समजून लग्न केले, तिने त्याला. दोघांचेही मधुचंद्रात, शँकलिनच्या समुद्रकिनाऱ्यावर, हे बिंग फुटते. वाळूत छत्री खुपसत ती चालते आहे, काठी ओढीत तो चालतो आहे, आणि दोघे ठरवितात की आता एकमेकांना नव्हे, जगाला फसवावयाचे. वाचताना हसू येते आणि लगेच थंडी वाजते.

दुसरे उदाहरण कादंबरीतले नाही. 'द बोज स्ट्रॅटॅजेम' लिहिणाऱ्या फार्करनेच १७०३ च्या सुमारास एका विधवेशी लग्न केले. त्याचे जुने चरित्रकार सांगतात की तिचा जीव त्याच्यावर जडला होता, पण त्याला धनवान बायको हवी आहे हे ती जाणून होती, म्हणून आपण मोठ्या संपत्तीच्या धनीण आहोत अशी हूल तिने उठवून दिली. लग्नानंतर कळले की संपत्ती काही नाही. होती ती पहिल्या नवऱ्याची मुले. वाङ्मयातला सर्वांत हुशार द्रव्यार्थी वर निर्माण करणारा लेखक स्वतः असा फसला. आणि तेच चरित्रकार पुढे सांगतात की त्याने तिला त्याबद्दल आयुष्यात एकदाही बोल लावला नाही. पुढे तो आजारी पडला, कर्जात बुडाला. रॉबर्ट विल्क्स हा नट-मित्र त्याला शोधीत आला, त्याने वीस गिनी हातावर ठेवल्या आणि नाटक लिही म्हणाला. अंथरुणावर पडून सहा आठवड्यांत त्याने हे हसरे नाटक पुरे केले. प्रयोग रंगला आणि दोन महिन्यांच्या आत फार्कर वारला. तिशीही उलटली नव्हती. दोन लहान मुली तो विल्क्सच्या ओटीत घालून गेला. आता एमवेलची ती अखेरची कबुली पुन्हा आठवून पाहा.

आता माझी स्वतःची साक्ष. १९९१ सालच्या मे महिन्यात मी आणि माझा एक मित्र, दोघेही एम.ए.चे विद्यार्थी, अमदाबादला गाडी बदलून त्या वेळच्या मीटरगेजने अबू रोडला आणि तेथून बसने माउंट अबूला गेलो. मे महिन्यात तेथे मोठमोठी घराणी येतात असे मित्राने ऐकले होते. मोहीम त्याची. त्याने चुलतभावाचा लोकरी सूट मागून आणला होता, कारण दुसरा नव्हता, आणि मला एक फाइल देऊन आपला चिटणीस नेमले होते. फार्कर आम्ही तेव्हा वाचलेला नव्हता, हे शपथेवर सांगतो.

नक्की तलावावर नावेसाठी रांगेत असताना मुंबईचे एक मराठी कुटुंब भेटले. गृहस्थांच्या झब्ब्याला सोन्याची बटणे, मुलीच्या हातात भरघोस पाटल्या. मित्राने घरी सरकीचे जिन असल्याचे सांगितले. गृहस्थ फार आस्थेने ऐकत होते. 'जिन किती हो तुमचे? माणसे किती?' मी फाइल उघडून आकडे वाचल्यासारखे केले. फाइलमध्ये मेसचे बिल होते. दुसऱ्या दिवशी चहाला बोलावणे आले, तिसऱ्या दिवशी सूर्यास्त पाहावयास एकत्र जाणे झाले, आणि चौथ्या दिवशी गृहस्थांनी मित्राला बाजूला घेऊन म्हटले, 'तुमच्या वडिलांना पत्र घालू म्हणतो. देण्याघेण्याचे मात्र आमच्याकडून फारसे जमणार नाही. तुम्हांला त्याची काय पर्वा म्हणा!' मग हळूहळू उलगडले. ते एका कचेरीत हेडक्लार्क होते, प्रवास-सवलतीवर आले होते आणि धर्मशाळेत उतरले होते. तीन मुलींतली ही थोरली. आम्ही ज्या रानात शिकारीला गेलो, त्याच रानात ते गृहस्थही आले होते.

मित्राने त्या रात्री सूट काढून घडी घातला आणि तो बराच वेळ बोलला नाही. सकाळी तो त्यांच्याकडे गेला आणि जिन नाही, सूटही नाही, वडील शाळेत शिक्षक आहेत, हे सांगून आला. गृहस्थ काय बोलले ते त्याने मला कधी सांगितले नाही.

दुपारी बसथांब्यावर ती मंडळी होती. मुलीच्या हातांत पाटल्या नव्हत्या. ती आमच्याजवळ आली आणि मित्राला म्हणाली, 'मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुमच्या कोटाच्या कॉलरला आतून लाँड्रीची चिठ्ठी टाचलेली आहे, तिच्यावर नाव दुसऱ्याचं आहे.' मित्राने विचारले, 'मग तुम्ही बोलला का नाहीत?' ती म्हणाली, 'बाबांची बटणंसुद्धा मावशीकडचीच आहेत.' आणि मग दोघेही हसू लागली. त्यांच्या त्या हसण्यात मला सामील होता आले नाही. ते माझे नव्हतेच.

बस सुटण्यापूर्वी तिने माझ्या हातातले पुस्तक पाहून प्रवासात वाचावयास काही आहे का असे विचारले. मी काही बोलण्याच्या आत मित्राने ते माझ्या हातातून घेऊन तिला दिले. ते 'संशयकल्लोळ' होते, आणि ते याच वाचनालयाचे होते. पत्ता ना तिने दिला, ना त्याने मागितला. परत आल्यावर किंमत आणि दंड मिळून अकरा रुपये मी भरले. मित्राकडे तेवढेही नव्हते.

आपल्या दाखल-नोंदवहीत त्या पुस्तकापुढे तांबड्या शाईत 'हरवले, किंमत वसूल' असा शेरा आहे. ती यादी हाती आली त्या संध्याकाळी मी तो पुन्हा पाहून आलो.